बिनखांबाचं

नावं मला विचारू नकोस, तोलाबाबाई,
खांब विचार.
हा करडा गुंडा चिकोआनाच्या वाटेवरचा, खांब एकशे चार.
तारेला असा बिलगला होता
की मी खालून पक्कड मागवली
आणि ऐनवेळी नुसता हातच पुढे केला.
ती, पानांच्या टोकांचे आकडे करून लोंबणारी,
एल कारिलच्या वळणावरची, ट्रान्सफॉर्मरशेजारची.
तिच्यापायी एकदा अख्खं गाव रात्रभर अंधारात होतं.

बत्तीस वर्षं मला पगार मिळाला
तो तारा साफ करायचा.
साहेबांच्या वहीत या सगळ्यांना मिळून एकच शब्द: कचरा.
माझा सासरा म्हणायचा, बांडगुळं.
(माझ्याकडे बघून म्हणायचा, ते सोड.)
बांडगूळ झाडाचा रस पितं.
तारेत कसला आलाय रस?
धुकं, धूळ, पाखराची शीट,
एवढ्यावर यांचा संसार,
आणि झोंडा वारा सुटला की तोही निम्म्यावर.

तर नाव ठेवायला आलीस, ठेव.
नावं मात्र ठेवू नकोस;
अंगण अस्ताव्यस्त आहे, मला ठाऊक आहे.

तू भिंग डोळ्याला लावलंस, श्वास आवरलास.
रेकुर्वाता, म्हणालीस. दुरातिई. झिफिओइदेस.
मला आमचा जुना पाद्री आठवला,
तोही गेलेल्यांची नावं अशीच सावकाश घ्यायचा.
एकशे चार आणि तीनशे सात
तू एकच ठरवलीस.
बावीस वर्षं दोघींना मी वेगवेगळं पाणी घातलं.
आता शेजारी टांगावं म्हणतो,
पण नाही पटलं त्यांचं तर?

मग तू त्या फुटक्या चिनीमातीच्या चिमणीपाशी थांबलीस,
तारेखालच्या त्या पांढऱ्या इन्सुलेटरपाशी,
जिच्यावर बोटभर उंचीचं, राखेच्या रंगाचं ते.
खांब? तू विचारलंस.
याला खांब नाही.
हे कासिमिरोनं आणलं, जेवणाच्या डब्यात,
सरहद्दीपलीकडून, मक्याच्या सालीत गुंडाळून.
दोन हंगाम तो माझी शिडी धरून उभा होता.
कागदपत्रं नव्हती म्हणून चौकडीच्या खात्यात
त्याची मजुरी माझ्याच सहीनं निघायची.
तापानं गेला तेव्हा इस्पितळात आडनाव विचारलं.
आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो.
त्या कारकुनानं रकाना रिकामा सोडला नाही,
एक आडवी रेघ मारली.

तूही तुझ्या वहीत रेघच मारलीस,
आणि म्हणालीस, फुलल्याशिवाय सांगता यायचं नाही.
कळी दिसली की लगेच फोन करा.
मग जाता जाता, फाटकाशी,
फुललेला झुपका पुढे वाळतो, काका,
घाबरू नका, बुडाशी पिल्लं सोडून जातो.

अकरा वर्षं न फुललेलं
परवा फुललं.
तांदळाच्या दाण्याएवढं, तीन पाकळ्यांचं,
पिवळ्यावर तपकिरी शिंतोडे,
आणि दुपारी वास
ओल्या दालचिनीसारखा, थेट मातेच्या भांड्यापर्यंत.

मी फोन केला नाही.
पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.
खुर्ची ओढून समोर बसलो होतो,
शिडी धरल्यासारखा, दोन्ही हात पुढे.

आज करतोय. उचल.
पाकळ्या थोड्या मिटल्यात, अजून ओळखता येतील.
भिंग आण, आणि जमलं तर शिसपेन्सिल;
शाईची पाटी इथं पावसात टिकत नाही.
बुडाशी दोन पिल्लं आहेत, एक तुझं.
वर तुमचं लॅटिन लिही, जे काय निघेल ते,
खाली थोडी जागा सोड.